आमच्या लग्नाला यायचं हं!

2025च्या ऑगस्टमध्ये हिंगोलीच्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाचं आमंत्रण आलं. नंबर अनोळखी, लग्न 30 तारखेचं, जरूर येण्याचा आग्रह, सोबत प्रेमाबिमाविषयी एक गोड वाक्य आणि खाली पत्रिका. गृहस्थांनी पत्रिका उघडली. खात्यातून सुमारे 1 लाख 90 हजार रुपये गेले. एवढा आहेर सख्ख्या भाचीलाही कुणी करत नाही.

हैदराबादेत आमच्या गौलीगुड्यात ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. इथल्या मराठी घरांचं निम्मं गणगोत नांदेड-परभणी-हिंगोलीकडचं. काचीगुड्याला अकोल्याची गाडी धरली की हिंगोली वाटेतच. निजामाचं राज्य जाऊन पाऊणशे वर्षं उलटली, पण सोयरिकी अजून जुन्या नकाशावरच जुळतात. तेव्हा तिकडून आलेली पत्रिका उघडायची नाही म्हणजे भावकीशी वाकडं घेणं. चोराने नस बरोबर धरली. लॉटरी लागली म्हटलं तर आपण हसतो. बँकेचा मॅनेजर बोलतोय म्हटलं तर हल्ली आपणच त्याची उलटतपासणी घेतो. पण ‘लग्नाला यायचं हं’ म्हणणाऱ्याला ‘आपण कोण?’ विचारायची आपल्यात रीत नाही. मांडवात जेवून येणाऱ्यांनासुद्धा ते विचारत नाहीत.

मग बातमी ऐकून गल्लीने काय केलं? अँटिव्हायरस घेतला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

शेजारच्या काकांनी फोन अभिमानाने पुढे केला. एक अँटिव्हायरस, एक कचरा साफ करणारं, एक बॅटरी वाचवणारं, एक नुसतंच ‘सुरक्षा’ नावाचं. चार पहारेकरी. फोन हातात धरवत नव्हता इतका तापलेला. पडद्यावर हिरवी ढाल, ढालीत बरोबरची खूण, खाली इंग्रजीत ‘तुम्ही सुरक्षित आहात’. मी सेटिंग्जमध्ये जाऊन ॲक्सेसिबिलिटीचं पान उघडलं. हे पान दृष्टिहीनांसाठी, हात नीट न चालणाऱ्यांसाठी केलेलं. तिथे ज्याला मुभा मिळते तो पडद्यावरचं वाचू शकतो आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतो. काकांकडे तिथे दोन नावं चालू होती. एक तो कचरा साफ करणारा. दुसऱ्याला नावच नव्हतं, नुसतं पांढरं चिन्ह.

“हे काय?”

“काय की. विचारलं, मी हो म्हटलं.”

व्हायरस म्हणजे रात्री खिडकीतून शिरणारा कुणी, ही आपली समजूत संगणकाच्या काळातली आहे. तेव्हा ती खरीही होती. फ्लॉपी घातली की रोग आलाच. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी 1990च्या दशकात त्याच रोगावर औषध काढलं आणि त्यातून क्विक हील कंपनी उभी राहिली. मराठी माणसाला धंदा जमत नाही म्हणणाऱ्यांनी ते नाव मुद्दाम लक्षात ठेवावं. पण त्या संगणकात कुठलाही प्रोग्रॅम कुठेही फिरू शकत होता, त्यामुळे त्याच्यामागे धावणारा शिपाईही कुठेही जाऊ शकत होता. फोनची बांधणी वेगळी. इथे प्रत्येक ॲप आपापल्या फ्लॅटमध्ये कडी लावून बसलेलं असतं. अँटिव्हायरस हा सोसायटीचा वॉचमन. गेटवर आलेल्याचा चेहरा जुन्या फोटोंशी ताडून पाहील, संशय आला तर हटकेल, पण कुणाच्या घरात डोकावू शकत नाही. आयफोनमध्ये तर त्याला गेटवरही उभं करत नाहीत. तिथली ‘सुरक्षा’ ॲप बाकीच्या ॲपना तपासूच शकत नाहीत.

आणि ही पत्रिका गेटवरून येते तीच मुळी तुमचा हात धरून. ती पत्रिका नसते, एपीके असते, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाईल, आणि इथे ती प्ले स्टोअरच्या बाहेरून येते. फोन आधी बजावतो की अनोळखी ठिकाणचं ॲप आहे, जपून. आपण हो म्हणतो. एसएमएस वाचू का? हो. नोटिफिकेशन पाहू का? हो. वधूचं नाव कळायच्या आत ओटीपी परस्पर चोराकडे जायला लागतात, आणि कधी कधी तीच पत्रिका तुमच्या नावाने तुमच्या साऱ्या गोतावळ्यात वाटलीही जाते. मराठी घरात एवढ्या झपाट्याने आमंत्रणं आजवर कुणी केली नसतील. हीच फाईल कधी पीएम किसानच्या नावाने येते, कधी आरटीओच्या चलनाच्या. चोर दर थोड्या दिवसांनी वेष्टन बदलतो, आणि वॉचमनजवळचे फोटो मागच्या महिन्याचे.

हे झालं खऱ्या वॉचमनचं. तोतयांची कथा आणखी रसाळ. 2019 साली ऑस्ट्रियातल्या एव्ही-कम्पॅरेटिव्हज या संस्थेने अँड्रॉइडवरची 250 अँटिव्हायरस ॲप 2000 घातक नमुन्यांवर तपासली. सगळे नमुने पकडणारी 23 निघाली. 30 टक्क्यांच्या वर जाऊन निरपराध्यांना न छळणारी जेमतेम 80. बाकीच्यांतल्या काहींची तपासणीची तऱ्हा अशी की, आत काय आहे ते बघायचंच नाही, फक्त नाव बघायचं. नाव एखाद्या बड्या कंपनीच्या घराण्यातलं असलं की सज्जन, नसलं की चोर. या कुळ बघून पारख करणाऱ्यांपैकी काहीजण सज्जनांच्या यादीत स्वतःचं नाव घालायलाच विसरले होते, म्हणून त्यांनी स्वतःलाच चोर ठरवलं. संपूर्ण तपासणीत तेवढाच निकाल बिनचूक लागला असावा.

त्याआधी 2014 मध्ये ‘व्हायरस शील्ड’ नावाचं ॲप जवळजवळ चार डॉलरला विकलं जात होतं. दहा हजारांहून जास्त लोकांनी घेतलं, विकत मिळणाऱ्या नव्या ॲपच्या यादीत ते अव्वल गेलं. ते करायचं काय? बोट लावलं की ढालीवरची फुली जाऊन बरोबरची खूण यायची. बस्स. गूगलने पुढे लोकांचे पैसे परत केले. मला मात्र त्या कारागिराचं कौतुक वाटतं. गिऱ्हाइकाला नेमकं काय हवंय ते त्याला कळलं होतं, आणि तेवढंच त्याने बनवलं.

कुंपणानेच शेत खाल्ल्याचे दाखलेही आहेत. 2022 मध्ये शार्कबॉट हा बँक खाती लुटणारा प्रकार प्ले स्टोअरवर सापडला तो अँटिव्हायरसच्याच वेषात. आणि अव्हास्ट या जगभर पसरलेल्या अँटिव्हायरस कंपनीला 2024 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. आरोप असा की, ‘तुमच्यावर कुणाला पाळत ठेवू देणार नाही’ म्हणत कंपनीने गिऱ्हाइकांचा वेबवरचा सगळा वावर आपल्याच एका शाखेमार्फत विकला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या जुनं झालं. आता किल्ल्या ठेवायचं वर्षाचं भाडंही आपणच भरतो.

म्हणजे सगळी ॲप कचऱ्यात टाका, असं नाही. घरात मिळेल त्या लिंकवर बोट ठेवणारं कुणी असेल तर नावाजलेल्या कंपनीचं एक ॲप असावं, घातक लिंक पुष्कळदा अडवतं. एक. चार नव्हेत. पण त्याआधी सेटिंग्जमध्ये ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल करणे’ ही परवानगी शोधा आणि व्हॉट्सॲपच्या नावापुढची बंद करा. दोन मिनिटांचं फुकट काम आहे. फुकट म्हणूनच त्याची जाहिरात कुणी करत नाही.

फुकटावरून आठवलं. ‘एम-कवच’ नावाचं सुरक्षा ॲप सरकार फुकट देतं. बनवलं कुणी, तर सी-डॅकच्या हैदराबाद केंद्राने, म्हणजे आमच्याच गावात. गल्लीत विचारून पाहिलं. एकाला ते राशीच्या खड्यांचं दुकान वाटलं, दुसऱ्याने किंमत विचारली. फुकट म्हटल्यावर त्याची आस्थाच संपली. आणि सरकारने स्वतःहून फोनमध्ये शिरायचं ठरवलं तेव्हा काय झालं तेही पाहिलंच. 2025च्या नोव्हेंबरअखेर हुकूम निघाला की नव्या प्रत्येक फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप आधीच घातलेलं असावं. बोंब उठली, ‘नको असेल तर काढून टाका’ असं मंत्री ज्योतिरादित्य शिंदे म्हणाले, आणि डिसेंबर उजाडून तीन दिवस होतात तोच सक्ती मागे. शिंद्यांना एवढ्या लवकर माघार घ्यावी लागल्याचं ऐकिवात नव्हतं.

पैसे गेलेच तर 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा, ताबडतोब, कारण पैसा या खात्यातून त्या खात्यात उड्या मारत असतो आणि वाटेत गोठवता आला तरच हाती लागतो. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये नियम केला: चूक तुमची असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे आधी बायकोला सांगू की नको, यात गेलेला तासही पैशांतच मोजायचा. 1930 हा नंबर गौलीगुड्याला पाठ करायची गरज नाही. आमच्या जुन्या बसस्टँडची पत्र्याची कमान, निजामाने विमानांसाठी आणवलेला तो अमेरिकन हँगर, 1930चाच सांगतात. 2018च्या जुलैत तो कोसळला. धोका ओळखून बस आधीच हलवल्या होत्या, म्हणून माणूस दगावला नाही. रंगसफेदी मात्र शेवटपर्यंत होत असावी.

आता राहिली ती खरी भोकं, ज्यांना तुमचा ‘हो’ही लागत नाही. 2015 मध्ये स्टेजफ्राइट निघालं, नुसत्या एका संदेशाने अँड्रॉइड पोखरता येत होतं. 2019 मध्ये पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने व्हॉट्सॲपच्या कॉलवरून काम साधलं, फोन उचलायचीही गरज नव्हती. दोन्ही भोकं बुजवली ती अपडेटने, ढालवाल्या ॲपने नव्हे. तेव्हा फोन घेताना विचारायचा प्रश्न एकच: याला सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार? गूगल आणि सॅमसंग त्यांच्या महागड्या फोनना आता सात वर्षांचा शब्द देतात. आपल्या बजेटातल्या फोनला मात्र कंपनी दोन-तीन वर्षांत विसरली असं पुष्कळदा होतं. काकांचा फोन बघितला. शेवटचं अपडेट येऊन जमाना झाला होता. चार पहारेकरी होते ते भिंत पडलेल्या घरावर.

काकांना घेऊन कोठीच्या गुजराती गल्लीत गेलो. काऊंटरवर फोनांची रास, मागे कव्हरांच्या माळा. पोऱ्याने तीन फोन पुढ्यात टाकले, कॅमेरा सांगितला, बॅटरी सांगितली, रंग सांगितले. काकांनी पढवल्याप्रमाणे विचारलं, “इसमें सिक्युरिटी अपडेट कब तलक आते?”

पोऱ्याने काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“अपडेट का क्या करते साब? अँटिव्हायरस डाल देतौं. गिलास के साथ फ्री.”