डिक्कीतलं मनीप्लँट

घर विकायचंय, असं वाशिमात एखाद्या पानठेल्यावर बोलून पाहा. संध्याकाळपर्यंत हे भाऊ दारात उभे. नाव सांगत नाही. रिसोडला, कारंज्याला, मंगरूळपीरला यांचेच भाऊबंद तुम्हाला भेटले असतील. धंदा दलालीचा, पण ऐट फोटोग्राफरची. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात स्कूटीच्या डिक्कीतून काढलेलं प्लास्टिकचं मनीप्लँट.

धंद्यातलं त्यांचं सगळं भांडवल म्हणजे हे मनीप्लँट. त्यांनी नमुन्यादाखल पाच घरांचे फोटो दाखवले. पाचही घरांत तेच रोप. एका पानाला पडलेलं विडीचं भोकसुद्धा तेच. वाकाटकांनी वत्सगुल्म, म्हणजे जुनं वाशिम, विकायला काढलं असतं, तर सर्वसेन राजाच्या सिंहासनाशेजारीही हेच रोप दिसलं असतं आणि खाली ओळ, ‘समृद्धी महामार्गालगत’. शेलूबाजारला समृद्धीवरून उतरून वाशिमात पोचायला किती वेळ लागतो, ते मात्र भाऊंना विचारायचं नाही.

“घर कवाचं हाय?”

“जिल्हा व्हायच्या आधीचं.”

“म्हंजे १९९८ च्या आधीचं! हे बोलू नोका कोनाजवळ.” मग आईकडे वळून, “काकू, हे ड्रम पयले हटवा.”

“कुठं हटवू? भरलेत.”

“पार्टी ड्रम पायते अन् समजून जाते.”

काय समजायचं ते वाशिमकरांना सांगायला नको. एकबुर्जी धरणाचं पाणी खाली गेलं की नळाची वाट पाहण्यात दिवस मोजायचे. शेवटी तिन्ही निळ्या ड्रमांवर चादर टाकली. फोटोत ते दिवाणासारखे दिसले. वर रोप.

मग कॅलेंडर उतरलं. नळ आला त्या तारखांना आईनं लाल गोल केले होते. भिंतीवर नुसता खिळा राहिला, खिळ्याखाली रोप. विळी, सोयाबीनचा कट्टा, आईची गुडघेदुखीची बाटली, सगळं शेजारच्यांच्या ओसरीवर. नऊ बाय दहाच्या खोलीवर भाऊंनी मोबाइल ‘पॉइंट पाच’वर धरला आणि ओरडले, “पाहा, हॉल झाला!” झालाच होता. एवढ्या ऐसपैस जागेत आम्ही चौघं भावंडं उशीच्या जागेवरून का भांडायचो, तेच कळेना.

राहिला बाबांचा फोटो. हार घातलेला.

“हा नाही चालत. पार्टीले भेव वाटते.”

आता मात्र मी तोंड सोडणार होतो. पण त्यांनी खिशातला रुमाल काढून काच पुसली, फोटो दोन्ही हातांनी उतरवला आणि म्हणाले, “काकाजी, पाच मिनिटं कपाटात बसा.” हार चुरगळू नये म्हणून कपाटाचं दार अर्धवट उघडंच ठेवलं. हा माणूस आपल्याला आवडत नाही, हे मला स्वतःला पुन्हा बजावावं लागलं.

फोटो झाले. पाच मिनिटं संपल्यावर बाबाही खिळ्यावर परत गेले. भाऊ फाटकाशी फोनवर दुसऱ्या कोणाचं घर ‘समृद्धीलगत’ नेऊन ठेवत होते. ते रोप घ्यायला आत आले, तर आईनं ड्रमवरची चादर सारून अर्धा पेला पाणी काढलं होतं आणि वाकून ती कुंडीत घालत होती.

मी काही बोलणार, तोच भाऊंनी हातानं मला गप्प केलं.

“घाला, काकू,” ते म्हणाले. “लय दिवसांचं तहानलं होतं.”