नोआटकची रंगीत तालीम

भाच्याला अलास्कातल्या नोआटक नदीवर जायचं आहे. जवळजवळ सातशे किलोमीटरची नदी, सगळी उत्तर ध्रुववृत्ताच्या वर. काठाने रस्ता नाही. छोटं विमान वरच्या अंगाला उतरवून देतं आणि निघून जातं. पुढे अस्वलं, डास आणि आपण. म्हणून होडी घडी करून पाठीवर मारता येईल अशी लागते. ती त्याने मागवलीही. वजन तीन किलो. किंमत त्याच्या आईला अजून कळलेली नाही, म्हणून इथं लिहीत नाही.

तालमीला मोठं पाणी हवं, तेव्हा गोंदियाहून गाडी धरून आम्ही देवलगावला उतरलो आणि नवेगाव बांध गाठलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला. डोंगरांच्या कुशीत एवढं पाणी अडवणाऱ्या माणसाला लोकांनी पुढे कोलासूर देव करून टाकलं. मारुती चितमपल्ली इथं वनाधिकारी होते. पाखरांवर त्यांनी भरपूर लिहून ठेवलंय. भाच्यावर कोण लिहिणार, म्हणून हा उद्योग.

होडीला पंप नसतो. नायलॉनची एक पिशवी तोटीला जोडायची, तिचं तोंड उघडून हवा कोंडायची, मुरगळायची आणि मिठी मारून आत ढकलायची. भाचा एकेका मिठीसरशी लाल होत होता. काठावर वीसेक माणसं जमली. ‘गॅस भरून राह्यलेत का जी?’ एकाने विचारलं. निर्जन प्रदेशाच्या तालमीला एवढा प्रेक्षकवर्ग लाभणं भाच्याला मानवलं नाही. लक्ष वळवावं म्हणून मी पीटर हॅल्केटची गोष्ट सांगितली. इंग्रजांच्या आरमारातल्या या अधिकाऱ्याने 1840च्या दशकात असा झगा काढला, की फुगवला की होडी व्हावी. हातातली काठी झाली वल्हं, छत्री झाली शीड! त्याच्या बनावटीची होडी जॉन रे कॅनडाच्या आर्क्टिकमध्ये घेऊन गेला होता. एका आजीबाईंनी लगेच आपली छत्री पुढे केली.

होडी पाण्यात गेली आणि गरगर फिरली. बुटकी, चपटी, उजवीकडे वल्हं मारलं की तोंड डावीकडे. ‘प्रवाह असला की सरळ जाते,’ भाचा ओरडला, तेव्हा त्याची पाठ आमच्याकडे होती. तेवढ्यात ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसलेले एक ढिवरकाका जाळं मांडीवर घेऊन, हातानेच पाणी मागे सारत, त्याच्या शेजारून पुढे निघून गेले. लांबवर तलवार बदकं तरंगत होती. त्यांची बिऱ्हाडं पार सैबेरियाच्या टुंड्रापर्यंत असतात. भाच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

काका परत आले. होडीचं कापड चिमटीत धरून पाहिलं, जोड नखाने तपासले, तोटी फिरवून बघितली.

‘चांगली हाये जी. पंक्चर?’

‘चिकटपट्टी असते,’ भाचा म्हणाला.

‘आमचीबी तशीच. तिकडं मासे हायेत का?’

‘भरपूर! पण मी धरून परत सोडणार.’

काकांनी ट्यूबकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘मंग काहाले जाता जी?’

भाच्याने उत्तराऐवजी अर्धा किलो मरळ मागितला. पैसे फोनवरून देणार होता, रेंज नव्हती. उपग्रहावरून मदत मागायचं यंत्र त्याच्या गळ्यात होतं, पण त्यातून दीडशे रुपये निघेनात. रोख मीच दिले.