गॅरेजवाले सर

जालन्यात पक्की नोकरी आणि शर्टाच्या खिशाला पेन असला की माणूस 'सर' होतो. मग तो झेडपीच्या शाळेत असो, बँकेत असो की बियाण्याच्या कंपनीत. अशा सरांची एक पोटजात अलीकडे मंठा चौफुली आणि अंबड चौफुलीच्या पलीकडच्या नव्या वसाहतींत जोमाने वाढते आहे. वय पंचेचाळीस-पन्नास. घराचे हप्ते निम्म्याच्या पुढे सरकलेले. मोठं लेकरू शिकायला पुण्याला. आणि घराच्या बाजूला दहा बाय बाराचं पत्र्याचं शेड, जे बांधलं होतं चारचाकीसाठी. चारचाकी यायची राहून गेली. मग एका दिवाळीत, बोनसच्या आगेमागे, शेडात एक लोखंडी टेबल येतं, टेबलावर व्हाइस बसतो आणि सर घरात जाहीर करतात की यापुढे आपली गाडी बाहेर कुणाला दाखवायची नाही.

सरांची गाडी स्प्लेंडर. ही 1994 सालापासूनची गाडी, शंभर सीसीला तीन कमी असलेलं इंजिन, आणि आमच्या जिल्ह्यात तिने काय काय वाहिलं नाही? दुधाच्या कॅन, सरकीची पोती, बारशाचा पाळणा. परतूर रोडला तर मी तिच्यावर अख्खा कूलर आणि तो कूलर मांडीवर धरून बसलेली सासू पाहिली आहे. एवढं सोसूनही ती बिघडत नाही, आणि सरांचं सगळं दुःख इथेच आहे. वेळच्या वेळी ऑइल बदला, चेन पुसून तेल द्या, हवा बघा, मधूनमधून टॅपेट सेट करा. ती चालूच राहते. एवढ्या कामाला सात-आठ वस्तू पुरतात. सरांकडे किती आहेत हे विचारू नये. विचारलं की ते दाखवतात.

दाखवण्याचा कार्यक्रम चहाआधी सुरू होतो आणि चहा थंड झाल्यावरही संपत नाही. भिंतीवर प्लायवूडचा मोठा फळा. फळ्यावर प्रत्येक पान्याची आकृती पिवळ्या ऑइलपेंटने काढलेली, आणि आकृतीवर तोच पाना टांगलेला. सहा-सात, आठ-नऊ, दहा-अकरा असे डबल एंड पाने. खाली त्याच मापांचे रिंग पाने. त्याखाली गोटी पान्यांची पेटी. बरेचसे नाशिकच्या टपारियाचे. "हे पाने घासत नाहीत, आपण घासतो," असं सर दरवेळी म्हणतात आणि दरवेळी स्वतःच हसतात. नट-बोल्ट ठेवायला कपाशीच्या बियाण्याचे रिकामे डबे आहेत. ज्या गावात 1964 साली महिको सुरू झाली त्या गावात डब्यांना तोटा नाही. प्रत्येक डब्यावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी: 'सहाचे बोल्ट', 'आठचे वायसर', आणि एकावर 'उरलेले'. हा शेवटचा डबा सर उघडून दाखवत नाहीत. प्रत्येक वेळी इंजिन जोडून झाल्यावर जे हातात राहतं ते यात जातं, असं त्यांच्या मेहुण्याचं मत आहे.

मग स्क्रू ड्रायव्हरवरचं व्याख्यान. "प्लसचा स्क्रू सगळा एकच असतो असं तुम्हाला वाटतं ना?" असं विचारून सर आपल्याकडे दयेने पाहतात. खरं म्हणजे या बाबतीत त्यांचं बरोबर आहे. जपानी बनावटीच्या जुन्या गाड्यांना जेआयएस मापाचे स्क्रू असतात आणि आपल्या बाजारात बहुतेक मिळतो तो फिलिप्स. दिसायला दोन्ही प्लसच. पण फिलिप्सचं टोक जोर लावला की वर सरकतं, स्क्रूचं डोकं गोल होतं आणि मग छिन्नी-हातोडी घेऊन बसावं लागतं. ही माहिती सरांनी मेहनतीने मिळवली आहे, त्यामुळे ती भेटेल त्याला देणं त्यांना भाग आहे. ती लग्नाच्या पंगतीत दिली जाते, दशक्रियेच्या विधीला कावळ्याची वाट पाहताना दिली जाते, आणि एकदा एका शिक्षक बैठकीत, विषय निपुण भारतचा असताना, दिली गेली आहे.

गाडी उचलून धरायचा स्टँड सरांनी करून घेतला. जालन्यात बाकी कशाची टंचाई असेल, लोखंडाची नाही. बाहेरून आलेलं भंगार एमआयडीसीतल्या भट्ट्यांत वितळतं आणि सळई होऊन गावोगावच्या स्लॅबांत जातं. तिथल्याच कुणा ओळखीच्याकडून सरांनी सळईचे तुकडे आणले, अगदी पुलाच्या खांबाला शोभतील असे जाड, आणि वेल्डिंगवाल्याला कागदावर नकाशा काढून दिला. गाडी एकशे दहा-बारा किलोची. ती हलवायला एक माणूस पुरतो. स्टँड हलवायला दोन लागतात. बाईसाहेबांना भट्टीचं गणित पक्कं ठाऊक आहे. "अहो, भंगाराचा भाव काय चाललाय, विचारून ठेवा बरं," एवढंच त्या स्वयंपाकघरातून म्हणतात आणि सर तासाभराने शेड झाडून घेतात.

सगळ्यात मानाची जागा टॉर्क रेंचची. तो फळ्यावर टांगत नाहीत. तो मखमली अस्तराच्या पेटीत, कपाटात, किल्लीखाली. त्याच्या येण्यामागे इतिहास आहे. पहिल्यांदा ऑइल बदललं तेव्हा सरांनी खालचा ड्रेन बोल्ट सतरा नंबरच्या पान्याने आवळला, आणखी आवळला, आणि 'गळायला नको' म्हणून पान्यात पाइप घालून शेवटचा एक हिसका दिला. बोल्ट पोलादी, इंजिनचं कवच ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम मऊ, त्यामुळे हार कुणाची होणार हे ठरलेलंच. आटे गेले. सकाळी गाडीखाली काळं तळं. रात्रीच्या अंधारात, वसाहतीतलं कुणी पाहणार नाही अशा बेताने, गाडी ढकलत नव्या जालन्यातल्या एका उस्तादकडे न्यावी लागली.

या उस्तादचं गॅरेज म्हणजे रस्त्याकडेला एक गोणपाट. त्यावर पाच-सहा पाने, ज्यांचे नंबर केव्हाच पुसले गेलेत, एक पक्कड, एक हातोडी आणि ऑइलच्या कॅनचा कापलेला अर्धा भाग. फळा नाही, आकृत्या नाहीत. मागे हात केला की हवा तो पाना हातात. उस्तादने नवे आटे पाडले, एक माप जाडा बोल्ट बसवला, बोटांनी फिरवत नेला आणि शेवटी मनगटाचा हलका झटका दिला. बस्स. सरांनी विचारलं, "किती न्यूटन-मीटर?" उस्ताद म्हणाला, "सर, इतकंच. अजून इतकंसं केलं की तुमी परत येता." यावर सरांनी धडा कोणता घ्यावा? त्यांनी टॉर्क रेंच मागवला. आता पंचवीस-तीस न्यूटन-मीटरला 'कट्' असा आवाज आला की ते थांबतात आणि घरातल्यांकडे पाहतात. घरातले टीव्ही पाहत असतात.

पाण्याची गोष्ट वेगळी. सरांनी प्रेशर वॉशर घेतला. वॉशर उत्तम. चिखल उडतो, तेलकट काळपटपणा उडतो, स्टिकरही उडतो. पण जालन्याच्या नळाला रोज पाणी नाही. निजामाच्या काळातला घाणेवाडीचा तलाव, पैठणहून येणारी जायकवाडीची पाइपलाइन, एवढं असून पाणी कधी येणार हा शहरातला कायमचा प्रश्न. नळ आला की गल्लीत आधी हंडे, मग ड्रम, मग टाकी, असा क्रम असतो. अशा दिवशी सकाळी सहाला शेडातून मोटरचा घर्र आवाज आला आणि समोरच्या वहिनींनी गेटवर येऊन अगदी शांतपणे विचारलं, "सर, गाडीला आंघोळ चालली का? आमचा एक ड्रम राह्यलाय भरायचा." त्या दिवसापासून वॉशर खोक्यात आहे. गाडी ओल्या फडक्याने पुसली जाते, जशी ती आधी पुसली जात होती.

उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारी पाना हातात धरवत नाही, म्हणून मोठी कामं रात्री निघतात. रात्री लाइट जाते. मग धाकट्या चिरंजीवांना बॅटरी धरायला उभं केलं जातं. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. "इकडे धर. इकडे म्हणजे माझ्या तोंडावर नाही, टॅपेटवर. वर. अरे, वर म्हणजे पत्र्यावर नव्हे." इंजिन थंड, पिस्टन वरच्या टोकाला, मॅग्नेटच्या चक्रावरची टीची खूण समोर, फटीत फीलर गेजची पातळ पाती, आणि पाती अडतही नाही, सैलही नाही असा तो नेमका क्षण; सरांचा श्वास रोखलेला. नेमका त्याच क्षणी चिरंजीव डास मारतात. बाप-लेकांत या शेडात जितका संवाद होतो तितका घरात वर्षभरात होत नसेल. मुलाला गाडीतलं काय कळलं ठाऊक नाही, पण अंधारात स्थिर उभं राहायला तो शिकला.

सामान वाढत गेलं. कॉम्प्रेसर आला, बेंच ग्राइंडर आला, आणि कोपऱ्यात भोकरदनच्या एका वाड्यातून आणलेली आरएक्स हंड्रेड आली. 1996 ला बंद झालेली गाडी, इंजिन एका खोक्यात, टाकी दुसऱ्या खोक्यात. तिला सर 'प्रोजेक्ट' म्हणतात. बाईसाहेब तिला 'ती' म्हणतात. परिणाम असा की स्प्लेंडरला शेडात जागा उरली नाही. ती आता गेटबाहेर कडुलिंबाखाली उभी असते आणि तिच्यावर चिमण्या बसतात.

सरांना लांबच्या सफरीचीही हौस. नागपूरपर्यंत स्प्लेंडरवर जायचं म्हणून त्यांनी सगळी तयारी केली होती: पंक्चरचं सामान, जादा केबली, सीटखालचं टूलकिट. समृद्धी महामार्ग गावाजवळून गेलेला. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा 2022 च्या डिसेंबरात सुरू झाला तेव्हा तर उत्साहाला उधाण आलं. मग कळलं की समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. सामान तसंच बांधलेलं राहिलं.

आणि तेच कामाला आलं. अंगारकी चतुर्थीला राजूरच्या गणपतीला लाखो माणसं लोटतात. रात्रीपासूनच जालना-राजूर रस्ता माणसांनी आणि गाड्यांनी भरून वाहतो. सरही निघाले होते. वाटेत एक शेतकरी, मागे बायको, टाकीवर पोर, आणि क्लचची केबल तुटलेली. सर उतरले. पक्कड काढली, दहा-अकराचा पाना काढला, जादा केबल ओवली, लिव्हरला निपल बसवला, खेळ जुळवला. कुठल्याही व्याख्यानाविना. मग पुढे एकाची चेन उतरलेली, पुढे एकाच्या प्लगवर काजळी. पहाटेपर्यंत सर तिथेच बसले, हात कोपरापर्यंत काळे, दर्शनाला गेलेच नाहीत. 'मास्तर, किती झाले?' असं कुणी विचारलं की नुसते हात हलवायचे. त्या रात्री टॉर्क रेंच घरी कपाटात होता, कॉम्प्रेसर शेडात होता आणि दोघांची आठवणही निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर पक्कडीसाठी वेगळी, मोठी आकृती काढली. सुधारणा म्हणायची तर एवढीच.

आता वाचकहो, तुमच्याही घराला असं शेड असेल आणि मनात काही शिजत असेल, तर ऐका. आठपासून एकोणीसपर्यंतचे रिंग आणि डबल एंड पाने, एक चांगली पक्कड, स्क्रूला नीट बसणारा प्लस स्क्रू ड्रायव्हर, प्लगपाना, फीलर गेज, हवेचा गेज आणि ऑइल धरायला पसरट डबा. एवढं घ्या, पण चांगलं घ्या. क्लचची एक केबल सीटखाली असू द्या. जुनं ऑइल गटारात ओतू नका, कॅनमध्ये भरून ते विकत घेणाऱ्याला द्या. आवाज बदलला की उस्तादकडे जा, आणि तो पाना फिरवतो तेव्हा त्याच्या मनगटाकडे बघा. टॉर्क रेंच लागलाच, तर सरांकडे मिळेल. उसनवारीच्या रजिस्टरवर सही मात्र करावी लागते.