खिशातली ऑपरेटिंग सिस्टीम

गेमिंगसाठीचे लिनक्स बाह्य एसएसडीवर बसवणे हा कौटुंबिक सलोख्याचा प्रगत मार्ग होय. घरच्या पीसीवरचे विंडोज अभ्यासासाठी राखीव राहते. त्यासाठी फेडोरा लिनक्सवर आधारलेले बॅझाइट पेनड्राइव्हवर उतरवून पीसी त्यावरून सुरू करायचा आणि इन्स्टॉल करताना बाह्य एसएसडी निवडायची. चुकून आतली डिस्क निवडल्यास विंडोज, अभ्यास आणि सलोखा एकदमच पुसले जातात. जाणकार ती डिस्क आधीच काढून ठेवतात.

एसटी आगारामुळे सामानासह निघण्याची सवय असलेल्या ठाण्यातल्या खोपटला ही पद्धत विशेष शोभते. पुढच्या टप्प्यात आजोबांनी पंचांगाची आणि वडिलांनी शेअर बाजाराची सिस्टीम वेगळी बाळगावी. पीसीला स्वतःचे मत उरू नये.

खेळांचे म्हणाल तर, व्हॉल्व्ह कंपनीने 2018 साली लिनक्ससाठी प्रोटॉन हे सॉफ्टवेअर आणले. त्यामुळे विंडोज असलेल्याच पीसीवर, विंडोजसाठी लिहिलेले खेळ, विंडोजशिवाय खेळता येतात. प्रगती म्हणतात ती हीच.

अपवाद किरकोळ. व्हॅलोरंट हा खेळ लिनक्सवर चालतच नाही आणि मुलांना नेमका तोच खेळायचा असतो. तेव्हा एसएसडी काढून निमूटपणे विंडोज सुरू करावे. मोकळी झालेली टाइप-सी केबल मोबाइल चार्जिंगला उपयोगी पडते.