युगुलासनमीमांसा

पती-पत्नींनी एकाच सतरंजीवर, परस्परांच्या देहाचा आधार घेऊन, निकटतावृद्धीच्या हेतूने साधलेली आणि टीपॉय सरकवल्यावाचून सिद्ध न होणारी जी देहस्थिती, तिला युगुलासन म्हणतात. लक्षणातील टीपॉयचा निर्देश अतिव्याप्ती टाळण्यासाठी आहे. तो गाळल्यास लग्नाच्या अल्बममधील बहुतेक छायाचित्रे युगुलासने ठरतील.

पूर्वसूरींनी या विषयाची उपेक्षाच केली. आसन स्थिर आणि सुखकर असावे, असे पतंजलींनी सांगितले. स्थैर्य एकाचे आणि सुख दुसऱ्याचे असल्यास काय करावे, याविषयी ते मौन पाळतात. स्वात्मारामांच्या हठप्रदीपिकेत १५ आसने आहेत, घेरंडसंहितेत ३२. सारी एकट्याने करावयाची. स्वात्माराम तर साधकाला लहान दाराच्या, बिनखिडकीच्या एकांत मठीत बसवतात. वन बीएचके सदनिकेत यांपैकी दाराची अट तेवढी पूर्ण होते. वात्स्यायनाने गणलेल्या ६४ कलांत पोपट-मैनेला बोलायला शिकवणे येते, टीपॉय सरकवणे येत नाही.

युगुलासने तीन प्रकारची: १. पृष्ठसंलग्न, २. करग्रथित, ३. सहशव. करग्रथितात समोरासमोर बसून, हात धरून, तळव्याला तळवा भिडवून पाय उचलतात. दोघांच्या पायांच्या लांबीत वीतभर अंतर असल्यास हा प्रकार आपोआप तिसऱ्यात विलीन होतो. म्हणून त्याचा विस्तार करीत नाही.

पृष्ठसंलग्नात पाठीला पाठ लावून मांडी घालावयाची आणि दोन्ही श्वास एका लयीत आणावयाचे. लय कोणाची, येथे शास्त्र दुभंगते. अनुयायी संप्रदाय पत्नीचा श्वास प्रमाण मानतो. स्वयंभू संप्रदायाच्या मते श्वास आपोआप जुळतात. या संप्रदायात नवविवाहितांचा भरणा आहे. शिट्टीवादी मात्र बाह्य प्रमाण स्वीकारतात: कुकरची शिट्टी होताच उभयतांनी श्वास सोडावा. हे मत मला तर्कशुद्ध वाटते, कारण शिट्टी पक्षपात करीत नाही. दोष एवढाच, की तिसऱ्या शिट्टीला एकाला उठावे लागते आणि दुसरा उताणा पडतो. या अवस्थेस ‘निरालंब’ ही संज्ञा योजावी.

भाराचा प्रश्न याहून बिकट आहे. रेलणारा पक्ष आसन साधल्याचे घोषित करतो, तर भार वाहणारा पक्ष ‘अहो, जरा सरळ बसा’ हे वचन उच्चारतो. दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य असतात.

युगुलासनाचे प्रयोजन शृंगार. परंतु घामेजलेला तळवा, कटकन वाजलेला गुडघा किंवा निरालंब यांमुळे हास्य उद्भवते. काही जण यास रसभंग मानतात. ते चूक आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याची उत्पत्ती शृंगारापासूनच सांगितली आहे. म्हणून हास्य न उद्भवल्यास मुळात शृंगार होता काय, याची चौकशी करावी. भरतमुनींनी हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा भेद मानून शेवटचे दोन अधमांकडे सोपवले. निरालंबप्रसंगी मात्र उत्तम प्रकृतीची माणसेही थेट अतिहसितावर जातात. बाहेरच्या खोलीत सासूबाई जाग्या असल्यास त्याचे स्मितात रूपांतर करणे प्राप्त होते, आणि त्यासाठी तोंड जोडीदाराच्या खांद्यात खुपसून धरावे लागते. निकटतेचे एवढे प्रमाण इतर कोणत्याही आसनात आढळत नाही. या स्थितीला अद्याप नाव नाही. सासूबाईंच्या कार्याचीही शास्त्राने नोंद घेतलेली नाही.

राहता राहिला सहशव. शेजारी-शेजारी पडून फक्त करंगळीला करंगळी लागू द्यावी, एवढाच याचा विधी. घोरणे सुरू झाल्यास आसन सिद्ध झाले म्हणावे की भंगले, हा वाद चालू आहे. पतीपक्ष सिद्ध मानतो. पत्नीपक्षाचे मत समजलेले नाही. तो दूध उतू जाते आहे का ते पाहायला गेला आहे.