इथल्या इथे

डोंबिवलीत मोटरसायकल घेतात ती स्टेशनला जायला. जाहिरातीत ती खारदुंग ला चढते. आमच्याकडे ती घरडा सर्कलला वळसा घालून पे अँड पार्कमध्ये शिरते आणि शेजारच्या स्कूटरच्या हँडलात हँडल अडकवून संध्याकाळपर्यंत उभी राहते. मालक तोवर लोकलच्या दारात उभा राहून मुंबई करून येतो. त्यामुळे हेल्मेट, हातमोजे, विमा यांपैकी काहीही सुचवलं, तरी आमच्याकडे उत्तर एकच: "इथल्या इथे तर जायचंय!"

मी विम्याची पॉलिसी शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस आहे. त्यामुळे सोसायटीत मला मान आहे, आणि मी पार्किंगमध्ये दिसलो की लोक मोबाइल कानाला लावतात.

आधी डोक्याचं बघू. २०१६ साली परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' अशी घोषणा केली, तेव्हा आमच्याकडच्या चर्चेचा विषय डोकं नव्हता, पंपावर हेल्मेट उसनं मिळेल का, हा होता. आजही ठाण्यात तीन हात नाका जवळ आला की कोपरातली हेल्मेटं वर सरकतात आणि नाका मागे पडला की खाली उतरतात. ठाणेकरांची कोपरं फार सुरक्षित आहेत. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेलं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तेव्हा घेताना ते चिन्ह आणि 'आयएस ४१५१' हा आकडा बघा. रंग नंतर. पट्टा लावा, न लावलेलं हेल्मेट डोक्याच्या आधी खाली पोहोचतं, एवढाच त्याचा उपयोग. आणि आतला थर्मोकोल आपटल्यावर चेपतो तो एकदाच. बाहेरून चकचकीत दिसतंय म्हणून आपटलेलं हेल्मेट मेहुण्याला देऊन टाकायची जी पद्धत आहे, ती घरातल्या नातेसंबंधांबद्दल बरंच काही सांगून जाते.

आमच्या दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा मात्र सामानाच्या बाबतीत तयारीचा. खांद्याला, कोपराला, पाठीला आर्मर असलेलं जॅकेट, गुडघ्याला पॅड, घोट्याच्या वर जाणारे बूट. पावसाळ्यात रविवारी पहाटे मुरबाडमार्गे माळशेजला निघतो तेव्हा चंद्रावर चाललाय असं वाटतं. हाच मुलगा सोमवारी कल्याण-शीळ रस्त्याने ऑफिसला जातो तो फ्लोटर्स घालून. काटई नाक्याच्या खड्ड्यांना वार कळत नाही, असं मी त्याला म्हटलं. त्याने मोबाइल कानाला लावला. पूर्ण चिलखत रोज घालून पलावाच्या ट्रॅफिकमध्ये कुणी शिजावं असं माझंही म्हणणं नाही. जाळीचं जॅकेट घ्या, हवा खेळती राहते. स्वस्तातलं घेतलंत तर पाठीला आर्मरच्या नावाने नुसता फोम तर नाही ना, हे दाबून बघा. आणि पैसे कमीच असतील तर हेल्मेटनंतर आधी हातमोजे. पडताना माणूस पहिल्यांदा हात टेकवतो, मग ते स्टेशन असो की लडाख.

आता विमा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीचा थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा निघतो. सोय चांगली, फक्त सहाव्या वर्षी विमा नावाची काही वस्तू असते हेच घरात कुणाला आठवत नाही. शिवाय आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग त्यात बहुधा एकाच वर्षाचा असतो, तो तर कधीच संपलेला. ७५ ते १५० सीसीच्या गाडीला थर्ड पार्टीचा वर्षाचा दर २०२२ साली ठरला तो ७१४ रुपये, आणि विम्याशिवाय पहिल्यांदा सापडलात तर दंड दोन हजार. मिरच्यांवर कोथिंबीर फुकट घेतल्याशिवाय भाजीवाल्यापासून न हलणाऱ्या माणसांना हा हिशेब का जमत नाही, कळत नाही.

खरी गंमत नावात आहे. आमच्या सेक्रेटरींची गाडी त्यांच्या नावावर, चालवतात चिरंजीव. पॉलिसीतलं पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं ते ज्याच्या नावावर गाडी आणि हातात वैध लायसन्स आहे, अशा मालकाला. म्हणजे सेक्रेटरींना, आणि ते रिक्षाशिवाय कुठे जात नाहीत. "गाडी त्याच्या नावावर करा," मी म्हटलं. "मग तो माझं ऐकेल का?" ते म्हणाले. याला विमाशास्त्रात उत्तर नाही.

नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसणारा माणूसही धरलेला नसतो, त्याला पॅकेज पॉलिसी लागते. हे मी शेजारच्या भाऊंना सांगत होतो ते नेमकं वहिनींनी ऐकलं. "म्हणजे ज्याला हे धडकणार तो परका माणूस धरलाय, आणि मी नाही?" भाऊंचं पॅकेज त्याच संध्याकाळी निघालं. माझ्या व्याख्यानांना आलेलं हे एकमेव यश.

चोरीचं थोडक्यात: पोलिसांत तक्रार तर हवीच, पण कंपनी गाडीच्या दोन्ही किल्ल्या मागते. दुसरी किल्ली आजच शोधा.

राहिला पाऊस. २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेल्या गावांना पाण्याचं नवल नाही, पण पाणी ओसरल्यावर पार्किंगमध्ये जे चालतं त्याचं आहे. सगळी इमारत खाली येते आणि प्रत्येक बुडालेल्या गाडीभोवती एकच सल्ला घुमतो: "एकदा किक मारून तर बघ!" पाणी शिरलेल्या इंजिनाला चालू करायला गेलं की ते आतून मोडतं, आणि मग कंपनी म्हणते, हे पुराने नाही केलं, तुम्ही केलंत. इंजिन प्रोटेक्शन वेगळं घेतलं नसेल तर तो खर्च आपल्याच खिशातून. म्हणून फोटो काढायचे, कंपनीला कळवायचं, गाडी ढकलत गॅरेजला न्यायची.

गेल्या पावसाळ्यात हे सगळं मी चिखलात उभा राहून समजावलं. प्रथमच कुणी मोबाइल कानाला लावला नाही. बहुतेकांचे भिजलेले होते. सेक्रेटरींनी शेवटपर्यंत लक्षपूर्वक ऐकून घेतलं.

"म्हणजे किक अजिबात मारायची नाही?"

"अजिबात नाही."

"बरं," ते मुलाकडे वळून म्हणाले, "सेल्फ मार."