समभुज त्रिकोण

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून स्पीकरची दोन खोकी घेऊन मी मांजरीला निघालो. गाडीतळ ओलांडल्यावर रिक्षावाल्याला राहवेना. "साहेब, गणपतीसाठी का?" जून महिना चालू होता. "नाही हो, घरी ऐकायला," म्हटल्यावर त्यानं आरशातून माझ्याकडं जरा कीव आल्यासारखं पाहिलं.

हे 'पॉवर्ड' जातीचे स्पीकर. ॲम्प्लिफायर वेगळा घ्यायला नको, तो पोटातच असतो. आमच्या जोडीत मात्र तो एकाच्याच पोटात आहे. दुसरा वायरीच्या टोकाला बसून त्याच्या जिवावर गातो. वडिलांच्या पिढीत एकत्र कुटुंबं अशीच चालली. कमावता वजनाला जड आणि पाठीमागून गरम. दुसरा दिसायला हुबेहूब तसाच, उचलल्यावर कळतो.

माहितीपत्रक म्हणतं, दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं मिळून समभुज त्रिकोण व्हावा. ट्वीटर कानाच्या उंचीला हवा. कोपऱ्यात ठेवू नका, खर्ज फुगतो. हे लिहिणाऱ्याच्या हॉलमध्ये देव्हारा, शिलाई मशीन आणि गव्हाची कोठी नसणार. मी तीन दिवस टेप घेऊन रांगत होतो. दहावीनंतर पहिल्यांदाच भूमिती वापरली आणि दहावीसारखीच चुकली. स्टँड महाग, म्हणून जुन्या दिवाळी अंकांचे दोन गठ्ठे रचले. डावीकडं कथा-कविता, उजवीकडं राशिभविष्य. उजवा जास्त भक्कम निघाला. शेवटी त्रिकोण जमला आणि त्याच्या तिसऱ्या टोकाला मी वेताची खुर्ची मांडली.

बटण दाबलं, तर गाण्याआधीच 'गुंऽऽ' सुरू झालं. वायरमन आला, अर्थिंग झकास आहे म्हणाला आणि तीनशे रुपये घेऊन गेला. आई मेथीची जुडी घेऊन बाहेर आली. तिनं गांधर्वच्या तीन परीक्षा दिलेल्या. कान देऊन म्हणाली, "पांढरी पाच. पार खालच्या सप्तकातली. जराशी चढी लागलीय." मी हिशेब केला. आपली वीज ५० हर्ट्झची आणि पार खालची पांढरी पाच ४९ची. म्हणजे घरात विजेनंच तंबोरा लावला होता! टीव्ही एका भिंतीच्या सॉकेटवर, स्पीकर समोरच्या. दोघांचं अर्थिंग दोन वाटांनी जात होतं आणि मधल्या ऑडिओ वायरीनं त्या वाटांचं रिंगण पुरं केलं होतं. दोघांना एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणलं आणि तंबोरा थांबला. आईला उगाच चुकचुकल्यासारखं झालं.

ब्लूटूथची तऱ्हा आणखी वेगळी. भीमसेनजींचा विलंबित ख्याल ऐन रंगात आलेला आणि हॉलभर 'टिंग' झालं. सोसायटीच्या ग्रुपवर टँकर आल्याची वर्दी होती. त्यामागून बारा जणांचं 'ओके', म्हणजे आणखी बारा टिंग. समेवर एकही नाही.

रात्री दहानंतर निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा, म्हणून मी आवाज उतरवतो. दौंडकडं जाणारी मालगाडी उतरवत नाही. आमचे स्पीकर ५० हर्ट्झपर्यंत खाली जातात, असं खोक्यावर छापलंय. मालगाडी त्याच्याही खाली जाते आणि राशिभविष्याचा गठ्ठा हलतो.

राहिली ती वेताची खुर्ची. मेथी निवडायला उजेड तिथंच चांगला येतो, असं आईचं म्हणणं. तिचे कान बरोबर ट्वीटरच्या उंचीला येतात, दोन्ही स्पीकरपासून अंतर सारखं, इंचाचाही फरक नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ऐकतो. तिथं बिनकमाईचा स्पीकरच जास्त ऐकू येतो.

कधी मांजरीकडं आलात तर या ऐकायला. खुर्ची मात्र मागू नका.